तेवीस बाइटांची लाईट

आमच्या रानातल्या विहिरीवर मी जो छोटा सर्किट बोर्ड बसवला, त्याने पहिल्या दिवशी नानांच्या फोनवर इंग्रजीत मेसेज पाठवला. 'थ्री फेज अव्हेलेबल, मोटर स्टार्टेड' अशा अर्थाचा. नाना चौथीपर्यंत शिकलेले. मराठी वर्तमानपत्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, इंग्रजी अक्षर मात्र त्यांना लागत नाही. फोन घेऊन ते शेजारच्या बांधावर गेले आणि तिथल्या कॉलेजातल्या पोराकडून मेसेज वाचून घेतला. संध्याकाळी मला फोन केला. तक्रारीचा सूर नव्हता. एवढंच म्हणाले, "आरं, आपलीच मोटर, आपलीच हीर, आन् सांगावा दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचा व्हय?"

मी पुण्यात नोकरी करतो, गाव सांगलीजवळ. ज्यांची शेती मोटरवर आहे त्यांना रात्रपाळीबद्दल सांगायला नको. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत माणूस दोन-दोनदा उठून बघतो, लाईट आली का. मग बॅटरी घेऊन रानात जाऊन दारं धरतो. ऑटो स्विच लावला की लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होते हे खरं, पण विहिरीतलं पाणी तुटलं तरी मोटर कोरडी चालत राहते आणि जळते. मला हवं होतं ते साधं होतं. तिन्ही फेज आल्या का ते बघावं, विहिरीत पाणी आहे का ते बघावं, मोटर चालू-बंद करावी आणि नानांना मेसेज पाठवावा. सत्तरीच्या माणसाला रात्री अंथरुणातून उठायचं की नाही हे ठरवता यावं, एवढ्यासाठी.

यासाठी मी घरात पडून असलेला अर्दुइनो ऊनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरला आणि त्याला सिम ८००एल हा मोबाईलचा मॉड्यूल जोडला. ऊनोवरच्या चिपचं नाव एटीमेगा ३२८पी. या चिपमध्ये तीन प्रकारची मेमरी असते. प्रोग्रॅम राहतो ती फ्लॅश, ३२ किलोबाइट. वीज गेली तरी काही आकडे जपून ठेवणारी ईईप्रॉम, १ किलोबाइट. आणि प्रोग्रॅम चालू असताना ज्यात सगळी कामं होतात ती रॅम, २ किलोबाइट. नेमकं सांगायचं तर २०४८ बाइट. व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं एक चित्रसुद्धा याच्या कित्येक पट मोठं असतं.

नानांच्या त्या फोननंतर मी मेसेज मराठीत करायला बसलो. मला वाटलं, इंग्रजी वाक्यं काढायची, मराठी टाकायची, अर्ध्या तासाचं काम.

'विहिरीतलं पाणी संपलं. मोटर बंद केली आहे.' हे वाक्य मोजून बघू. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणारा तक्ता. त्याच्या हिशेबाने त्यात काना, मात्रा, अनुस्वार, मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ४० चिन्हं आहेत. त्यांपैकी ३२ देवनागरी. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. प्रत्येक अक्षराला तीन असं मी म्हणत नाही, प्रत्येक चिन्हाला तीन. 'नमस्कार' वाचताना आपण चार अक्षरं वाचतो, पण आत न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं असतात, म्हणजे २१ बाइट. त्या हिशेबाने माझं वाक्य १०४ बाइटांचं झालं. प्रोग्रॅम लिहायच्या सी भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक शून्य ठेवावं लागतं, वाक्य इथे संपलं हे त्यावरून कळतं. तो बाइट धरून १०५. त्याच अर्थाचं इंग्रजी वाक्य मी आधी लिहिलं होतं, ते २५ बाइटांत बसत होतं.

असे अठरा मेसेज होते. कंपाइल केल्यावर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवल्यावर, हिशेब आला: रॅममधले १४८२ बाइट वापरले, म्हणजे ७२ टक्के, ५६६ शिल्लक. अर्दुइनोचं सॉफ्टवेअर ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर इशारा देतं. इशारा आला नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. बोर्ड विहिरीवर लावला, बसने पुण्याला परतलो.

तीन दिवस सगळं ठीक चाललं. चौथ्या रात्री नानांना एक मेसेज आला, पूर्ण कोरा. थोड्या वेळाने आणखी एक कोरा. मग बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तसा रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, पडला आणि मोटर थांबली. नाना घरी मेसेजच्या भरवशावर झोपले होते. सकाळी गेले तर हळदीच्या अर्ध्या सऱ्या कोरड्या. ते मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते पुन्हा रात्री उठायला लागले, आणि ते मला फार लागलं. यंत्रावरचा विश्वास एकदा गेला की वयस्क माणूस तो सहसा परत देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पहिला संशय विजेवर. सिम ८००एल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. सप्लाय तेवढा दमदार नसेल तर व्होल्टेज खाली येतं आणि सगळंच रिसेट होतं. हा नेहमीचा दोष, म्हणून मी मोठा कपॅसिटर लावला. फरक पडला नाही. एका मित्राने सुचवलं, वॉचडॉग लाव, अडकलं की आपोआप रिसेट होईल. वॉचडॉग असावाच असं माझंही मत आहे, पण अचानक उद्भवणाऱ्या अडचणींसाठी. कारण माहीत नसताना तो लावणं म्हणजे ताप का आला हे न बघता गोळी देणं. शिवाय ते कोरे मेसेज मला स्वस्थ बसू देईनात. वीज कमी पडली तर मेसेज जाणारच नाही. गेला आणि कोरा गेला, याचा अर्थ मॉड्यूल ठीक होता आणि मजकूरच वाटेत हरवला होता.

मजकूर राहतो कुठे हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं.

माझी समजूत अशी होती की वाक्यं प्रोग्रॅमचा भाग आहेत, कधी बदलत नाहीत, तेव्हा ती प्रोग्रॅमबरोबर फ्लॅशमध्येच राहत असणार. मी प्रत्येकाच्या पुढे इमानदारीने 'कॉन्स्ट' लिहिलं होतं. पण या चिपमध्ये प्रोग्रॅमची मेमरी आणि डेटाची मेमरी यांचे रस्तेच वेगळे आहेत. या रचनेला हार्वर्ड आर्किटेक्चर म्हणतात. नाव १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क १ या यंत्रावरून आलं. त्यात आज्ञा कागदी पट्टीवर छिद्रं पाडून दिलेल्या असत आणि आकडे यंत्रातल्या मोजणीच्या चाकांवर असत. दोन्ही कधी एकत्र नसत. माझ्या बोर्डवरची चिप एव्हीआर घराण्यातली. एव्हीआर चिपची मूळ कल्पना नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या दोन विद्यार्थ्यांची, आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांची. त्यांनीही हेच वेगळेपण ठेवलं आणि त्यामुळे चिप चपळ झाली. पण त्याची एक किंमत आहे. नेहमीच्या वाचण्याच्या आज्ञेने फक्त रॅम वाचता येते. फ्लॅशमधला मजकूर वाचायला एलपीएम ही वेगळी आज्ञा लागते. सी भाषेला हे दोन रस्ते मुळात ठाऊक नाहीत. म्हणून कंपाइलर सुरक्षित वाट निवडतो. बोर्ड सुरू झाला, की तुमचा प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधी, सगळी वाक्यं फ्लॅशमधून उचलून रॅममध्ये आणून मांडतो. वर्षातून एकदा लागणारा मेसेजसुद्धा चोवीस तास रॅममध्ये जागा अडवून बसतो. 'कॉन्स्ट' लिहिल्याने त्याला बदलायची मनाई होते, त्याचा मुक्काम बदलत नाही.

सांगलीच्या माणसाला हे पेवाच्या भाषेत पटकन कळतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीखाली खोल, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकते. पण पेव म्हणजे परडी नव्हे, हात घालून मूठभर काढता येत नाही. ते उघडावं लागतं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते, मग माणूस खाली उतरतो. ती खटपट नको म्हणून कोणी सगळ्या पेवांतली हळद काढून घराच्या सोप्यात आणून ओतली, तर सोप्यात पाय ठेवायला जागा राहणार नाही. माझ्या बोर्डचं तेच झालं होतं. ३२ किलोबाइटांचं पेव निम्म्याहून जास्त मोकळं, आणि २ किलोबाइटांच्या सोप्यात चालायला वाट नाही.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी बोर्ड चालला असता. ५६६ बाइट उरले होतेच. खरा घात पुढे होता, आणि तो मी स्वतः लिहिलेल्या सोयीच्या ओळींत होता.

मोबाईल मॉड्यूलला मराठी मेसेज द्यायचा तर यूसीएस-२ पद्धतीत द्यावा लागतो. दर चिन्हाचे चार हेक्स अंक, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ यांतले. 'म' म्हणजे ०९२ई, 'ट' म्हणजे ०९१एफ. फोन नंबरसुद्धा तसाच, प्लस आणि ९१ धरून तेरा चिन्हं, म्हणजे ५२ अंक. आपलं ४० चिन्हांचं वाक्य हेक्समध्ये १६० अंकांचं होतं, शेवटचं शून्य धरून १६१. मी काय केलं होतं, तर अर्दुइनोच्या कॅपिटल एसवाल्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे लागेल तशी रॅम मागून घेणाऱ्या मजकुराच्या डब्यात, वाक्य घेतलं, ही दुसरी प्रत, १०५. मग आणखी एका स्ट्रिंगमध्ये एकेक अंक जोडत हेक्स बनवलं, ही तिसरी, १६१. पहिली प्रत कंपाइलरने आधीच रॅममध्ये आणून ठेवलेली होती. एका वाक्याचे तीन अवतार, मिळून ३७१ बाइट. त्यातले २६६ कंपाइलरच्या हिशेबात कधी दिसलेच नाहीत, कारण ते प्रोग्रॅम चालू असताना मागितले जातात. तो ७२ टक्क्यांचा आकडा बोर्ड सुरू होण्याच्या क्षणाचा होता, चालत्या बोर्डचा नव्हता. (हाच फटका १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा ओलेड पडदा लावणाऱ्यांना बसतो. त्या पडद्याच्या चित्रासाठी १०२४ बाइट लागतात, अर्धी रॅम. नेहमीची लायब्ररी ते प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागते, म्हणून कंपाइल करताना सगळं आलबेल दिसतं.)

स्ट्रिंग वापरून झाली की जागा परत मिळते, हे खरं. पण परत मिळालेली जागा एकसलग नसते. एसटीत दहा सीट रिकाम्या आहेत पण एकेक करून विखुरलेल्या, आणि तुम्हाला लेकराबाळांसकट सहा जणांना एकत्र बसायचंय, तर त्या दहा सीट तुमच्या उपयोगाच्या नाहीत. मेमरीत तर सहा जणांनी एका ओळीत बसणं सक्तीचंच असतं. माझा बोर्ड दर मिनिटाला सिग्नल किती आहे ते विचारत होता, उत्तर स्ट्रिंगमध्ये घेत होता, जोडत होता, तोडत होता, सोडत होता. तीन दिवसांत हजारो वेळा. हळूहळू मोकळ्या जागेचे तुकडे पडत गेले. चौथ्या रात्री १०५ बाइट एकत्र मागितले तेव्हा ते मिळाले नाहीत. अशा वेळी अर्दुइनोची स्ट्रिंग ओरडत नाही. ती गुपचूप रिकामी राहते, आणि रिकामी स्ट्रिंग मेसेज म्हणून निघून जाते. कोऱ्या मेसेजचं कारण ते होतं.

आणि रिसेटचं कारण त्याच्या शेजारीच. रॅमच्या खालच्या बाजूने ही मागून घेतलेली जागा, म्हणजे हीप, वर चढत येते. वरच्या टोकाकडून स्टॅक खाली उतरत येतो. फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एखादा तुकडा, कुठून बोलावलं, परत कुठे जायचं याच्या खुणा त्यात असतात. मध्ये कुंपण नाही. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमचा हात धरते. इथे कोणी नाही. दोघं एकमेकांच्या हद्दीत शिरले की परतीचा पत्ता पुसला जातो आणि प्रोग्रॅम भलतीकडेच जातो. हे मी अंदाजाने सांगत नाही. मोकळ्या रॅममध्ये सुरुवातीलाच एक ठरावीक आकडा भरून ठेवला आणि काही तासांनी तो कुठवर शाबूत आहे ते तपासलं. पूर आला की ओसरल्यावर भिंतीवरची रेघ बघून पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं, तसं. कृष्णाकाठच्या घरांना ती रेघ चांगली माहीत आहे. माझ्या बोर्डवर कोरडा भाग अकरा बाइटांचा उरला होता.

आता दुरुस्ती. पहिलं काम सोपं होतं. वाक्यं प्रोगमेम ही खूण लावून फ्लॅशमध्येच ठेवायची. नुसती छापायची असतील तर एफ() मॅक्रोत गुंडाळली तरी पुरतं, एकेक बाइट फ्लॅशमधून येतो आणि बाहेर पडतो. मेसेज आणि तपासणीसाठी लिहिलेली वाक्यं मिळून ९९४ बाइट रॅममधून उठले. १४८२चे ४८८ झाले. इथे मी एक चूक केली, तीही सांगतो. अठरा वाक्यांच्या पत्त्यांची यादीसुद्धा फ्लॅशमध्ये ठेवली, पण ती यादी वाचताना वेगळी आज्ञा वापरायची राहून गेली. प्रोग्रॅमने फ्लॅशचा पत्ता रॅमचा समजून वाचला आणि नानांना अगम्य चिन्हांचा एक मेसेज गेला. कंपाइलरने हूं की चूं केलं नव्हतं. पत्ता हा शेवटी एक आकडाच असतो, तो कुठल्या गावचा हे त्यावर लिहिलेलं नसतं.

दुसरं काम मला जास्त आवडलं. हेक्ससाठी वाक्य आधी पूर्ण तयार करून मग पाठवायची गरजच नव्हती. मॉड्यूलला अंक एकामागून एक हवे असतात, तो पूर्ण वाक्य एकदम मागत नाही. फ्लॅशमधून तीन बाइट घ्या, त्यांतून चिन्हाचा नंबर काढा, चार अंक सीरियलवर, म्हणजे मॉड्यूलकडे जाणाऱ्या तारेवर, सोडा, पुढचे तीन बाइट घ्या. रॅममध्ये एका वेळी एकच चिन्ह. १६१ची बादली भरून नेण्याऐवजी पाट काढून दिला. मोठ्या एसची स्ट्रिंग प्रोग्रॅममधून पूर्ण गेली. जिथे आकडे मिसळून वाक्य करायचं तिथे ठरावीक मापाचा बफर, म्हणजे आधीच राखून ठेवलेली जागा, आणि त्यात मजकूर जुळवणारं एसएनप्रिंटएफ हे फंक्शन.

त्या बफरनेही एक धडा दिला, खास आपल्या लिपीचा. एसएनप्रिंटएफ मापापेक्षा जास्त लिहीत नाही, उरलेलं कापतो. इंग्रजी शब्द कापला तर शेवटचं अक्षर जातं, बाकी वाचता येतं. मराठीत सुरी तीन बाइटांच्या मधोमध पडू शकते, मग ते चिन्हच उरत नाही. म्हणून मागे सरकत जायचं. जे बाइट मधले आहेत त्यांच्या आठ बिटांपैकी वरची दोन बिट नेहमी एक आणि शून्य असतात, त्यावरून ते ओळखू येतात. ते टाकून चिन्हाच्या सुरुवातीपर्यंत यायचं. पण तेवढ्यानेही भागत नाही. 'स्टार्टर' नेमका दुसऱ्या 'ट'आधी तुटला तर 'स्टार्' उरतो, लंगडा र घेऊन. चिन्ह पूर्ण, अक्षर अर्धं. शेवटी मी ठरवलं, कापायचंच असेल तर मोकळ्या जागेवर कापायचं, अख्खा शब्द सोडायचा. मराठी माणसाला शब्द कमी दिलेला चालतो, मोडका दिलेला डोळ्याला खुपतो. मला तरी खुपतो.

या सगळ्या काळात एक वाक्य मी अनेकांकडून ऐकलं: "मराठीला जागा जास्त लागते, इंग्रजीतच ठेव." मीही ते खरं मानून चाललो होतो. मग एके रात्री युनिकोडचा देवनागरीचा तक्ता समोर घेऊन बसलो. सगळी चिन्हं ०९०० ते ०९७एफ या १२८ घरांत. अ ते ह, काना-मात्रा, अंक, दंड, आपला ळ, 'दुसऱ्या'तला ऱ आणि 'ॲप'मधला ॲसुद्धा. १२८ म्हणजे सात बिट. एका बाइटात २५६ आकडे बसतात, त्यातले खालचे १२८ इंग्रजीला आणि वरचे १२८ देवनागरीला दिले की झालं! प्रत्येक चिन्हाला एक बाइट. माझं १०५ बाइटांचं वाक्य ४१ बाइटांत आलं. आणि मॉड्यूलला द्यायचे हेक्स अंक तर नुसते वाचावे तसे बाहेर पडतात: आकडा वरच्या निम्म्यातला असेल तर १२८ वजा करून पुढे ०९ लावा, खालच्यातला असेल तर ००. मला त्या रात्री झोप आली नाही.

नंतर कळलं की ही वाट आधीच चाललेली आहे. इस्की नावाचं भारतीय प्रमाण १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केलं, आयएस १३१९४. त्यात हेच आहे: खालच्या निम्म्यात इंग्रजी, वरच्या निम्म्यात भारतीय लिपी, चिन्हाला एक बाइट. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलेलं, कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणारं जिस्ट तंत्रज्ञान याच वाटेचं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली, म्हणून तर माझी युक्ती इतकी सहज बसली. मी ज्या शहरात बसून हे शोधत होतो तिथेच काही किलोमीटरवर लोकांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे करून ठेवलं होतं, तेही मेमरी खरोखर महाग असताना. मराठीला जागा जास्त लागत नाही. यूटीएफ-८ने तिला ज्या घरात ठेवलं त्या घराचं भाडं जास्त आहे, आणि जगभरच्या सगळ्या लिप्या एकत्र नांदाव्यात म्हणून ते भाडं मला मान्य आहे. पण ओझं भाषेचं आहे असं म्हणून तिला दाराबाहेर ठेवणं, हे मला मान्य नाही.

खरं सांगायचं तर मेसेजसाठी ही एक-बाइट युक्ती मी शेवटी वापरली नाही. वाक्यं फ्लॅशमध्ये गेल्यावर जागेचा प्रश्नच राहिला नव्हता, आणि प्रोग्रॅम उघडला की मराठी वाक्य मराठीत वाचता येणं मला महत्त्वाचं वाटतं. उद्या मी नसलो आणि दुसऱ्या कोणी ते उघडलं, तर त्याला आकड्यांची रांग दिसू नये.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत नानांच्या लग्नात आलेल्या शुभेच्छांच्या तारा आहेत. तार खाते शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची नंबरवार यादी ठेवत असे. पाठवणाऱ्याने नंबर निवडायचा, तारेवरून तो नंबर जायचा, पोचलेल्या गावी यादीतलं पूर्ण वाक्य लिहून मिळायचं. जुलै २०१३मध्ये तार सेवा बंद झाली. माझा बोर्ड आज तेच करतो. प्रोग्रॅममध्ये 'मेसेज ७' एवढाच एक बाइट फिरतो, आणि अगदी शेवटी, सीरियलच्या दाराशी, तो पूर्ण वाक्य होऊन बाहेर पडतो.

वाक्यंही बदलली, पण ती बाइट वाचवायला नव्हे. माझी पहिली वाक्यं सरकारी नोटिशीसारखी होती. नानांना वाचून दाखवली. 'विहिरीतलं पाणी संपलं' ऐकून ते म्हणाले, "संपलं म्हंजे? हीर आटली का काय? पाणी तुटलं म्हण. चार तासांत झरं भरत्यात पुन्हा." बरोबर होतं. संपणं वेगळं, तुटणं वेगळं. 'पाणी तुटलं. मोटर बंद.' असं केलं. ते ५४ बाइट झालं, आधीच्याच्या जवळपास निम्मं, पण मुख्य म्हणजे आता ते खोटं बोलत नव्हतं. 'थ्री फेज विद्युतपुरवठा सुरू झाला आहे' याचं 'लाईट आली' झालं. शेवटचं शून्य धरून २३ बाइट.

मधल्या काळात बोर्डवर दोन ओळींचा एलसीडी लावून पाहिला होता, आई रानात गेली की तिलाही दिसावं म्हणून. त्या पडद्याच्या चिपमध्ये आपण स्वतः घडवलेली फक्त आठ अक्षरं ठेवता येतात, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं, एकूण ६४ बाइट. 'मोटर चालू'तच आठांपैकी पाच अक्षरं संपतात, आणि मात्रेला वरच्या बाजूला जागा राहत नाही. तो नाद सोडला. फोनला मजकूर द्यावा, अक्षरं जोडायचं काम त्याचं तो नीट करतो.

कोणी विचारतं, एवढी यातायात कशाला, ईएसपी३२ घे, पाचशे किलोबाइटांच्या वर रॅम मिळेल. नवीन काम असेल तर मीही तोच घेईन. त्यात कॉन्स्ट वाक्यं फ्लॅशमधून थेट वाचली जातात, अर्धं दुखणं तिथेच जातं. पण तुकड्यांचं दुखणं जात नाही, लांबतं. चौथ्या रात्री पडणारा बोर्ड चौथ्या महिन्यात पडतो, तेव्हा तर कारण शोधणं जास्त अवघड. दर मिनिटाला जागा मागायची आणि सोडायची सवय असेल तर आधी ती बघा, चिप नंतर बदला.

एक-बाइट युक्ती मात्र वाया गेली नाही. दुसऱ्या विहिरीवरही बोर्ड लावायचा ठरला तेव्हा मेसेज कुठल्या विहिरीचा हे कळायला नाव हवं झालं, आणि नाव घरच्यांनी आपल्या फोनवरून ठेवावं असं मला वाटत होतं. ते ईईप्रॉममध्ये राहणार, तिथे प्रत्येक नावाला मी १६ बाइटांचा खण ठेवला. यूटीएफ-८मध्ये त्या खणात पाच चिन्हं मावतात, 'विहीर' एवढा एकच शब्द. एक-बाइट पद्धतीत पंधरा. फोनवरून येणारा मेसेज मॉड्यूल हेक्समध्येच देतो, ०९ने सुरू होणाऱ्या चौकडीतले शेवटचे दोन अंक उचलायचे, त्यात १२८ मिळवायचे, की चिन्ह खणात.

मी नानांना सांगितलं, 'नाव' लिहून पुढे विहिरीचं नाव पाठवा. मला वाटलं 'खालची विहीर' येईल. पण फोन आईच्या हातात होता. तिने जे पाठवलं ते अकरा चिन्हांचं होतं, बारावा शून्याचा, खणात चार बाइट शिल्लक. ती विहीर नानांच्या आईने बांधून घेतली होती, दागिने मोडून. ती गेल्यानंतर तिचं नाव सात-बारावर, बँकेत, कुठेच राहिलं नव्हतं.

रात्री सव्वादोनला माझ्याही फोनवर मेसेज आला, चाचणीसाठी माझा नंबर अजून यादीत होता म्हणून.

'आजीची विहीर: लाईट आली.'